आधी चारा, मग गाय



मी पेशाने कारकून. खोपोलीतल्या एका कचेरीत जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या महिला बचत गटांचे हिशेब तपासतो, बायाबापड्यांचे अर्ज भरून देतो. तेव्हा वैरणीवर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. अधिकार एवढाच, की माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याच्या घराने मोजली. तशी चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हा लेख.

सहा वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या भगिनीने संकरित गाय घेण्यासाठी कर्ज मागितले. अर्ज मीच भरला. गायीची किंमत, विमा, गोठ्याचा खर्च, दुधाचे अपेक्षित उत्पन्न, महिन्याचा हप्ता, असे सगळे रकाने भरले. बी.कॉम. झालेल्या माणसाला शोभेल असाच तो कागद होता. गाय आली श्रावणात. डोंगर हिरवागार, बांधाबांधावर गुडघाभर गवत. दिवसाला नऊ-दहा लिटर दूध निघू लागले. दिवाळीपर्यंत एकही हप्ता चुकला नाही. आम्ही गटाच्या बैठकीत त्या ताईचे कौतुक केले.

मग डोंगर पिवळा पडला. पौषात घरचा पेंढा संपला, माघात विकतचा आणावा लागला. चैत्रात दूध तीन लिटरवर आले आणि पेंढ्याचा खर्च दुधाच्या पैशांहून जास्त होऊ लागला. एके दिवशी ती ताई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, गाय घेतली, पण तिला घालू काय, ते तुम्ही कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं." माझ्याजवळ उत्तर नव्हते. वैशाखात गाय निम्म्याहून कमी किमतीला गेली. हप्ते मात्र बावीस शिल्लक राहिले. तिची मुलगी त्या वर्षी बारावी पास झाली होती. ती कॉलेजात जाण्याऐवजी पॅकिंगच्या कामाला गेली. पुढच्या वर्षी आम्ही तिला प्रवेश घ्यायला लावला, परंतु गेलेले वर्ष गेलेच.

त्या अर्जात चाऱ्याचा रकाना नव्हता. तो मी मनाने घालायला हवा होता.

गवताच्या देशात चाऱ्याचा दुष्काळ

खालापूर आणि कर्जत हे तालुके म्हणजे घाटाच्या पायथ्याचा मुलूख. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पाण्याच्या भागात चारा कमी पडतो, हे घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि आठ महिने हात आखडतो. पावसाळ्यात गवत इतके माजते की कापायला माणूस पुरत नाही. शेतकरी भाताच्या कापणी-झोडणीत गुंततो. ती उरकून तो गवताला विळा लावतो, तोवर गवताचे बी झडून गेलेले असते आणि उरते ती नुसती काडी. त्या काडीत जनावराचे पोट भरण्याची ताकद असते, दूध देण्याची नसते.

उरलेल्या गवतातले काही वणव्यात जाते, काही राब भाजायला लागते. भाताचा पेंढा असतो, पण त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. नुसत्या पेंढ्यावर गाय जगते, परंतु दूध देत नाही. वालाचा भुसा त्याहून बरा, पण तो किती दिवस पुरणार? द्रुतगती महामार्ग झाल्यापासून जमिनींचे भाव चढले, कुरणांचे प्लॉट झाले, फार्महाऊसना तारांची कुंपणे पडली. ज्या माळावर आपल्या आया-आज्या भारा बांधायला जात, तिथे आता पाटी असते : 'परवानगीशिवाय प्रवेश नाही.'

म्हणजे आपल्या भागात गायीच्या धंद्याची परीक्षा श्रावणात होत नाही, ती चैत्र-वैशाखात होते. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे सुमारे ९० दिवस ज्याने निभावले, त्याची गाय टिकली.

नव्वद दिवसांचा हिशेब

आता कारकुनाचा हिशेब ऐका. चारशे किलो वजनाच्या दुभत्या संकरित गायीला दिवसाला साधारण २० किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो सुका चारा लागतो. खुराक आणि क्षारमिश्रण वेगळे. आपली कोकणातली लहान चणीची गावठी गाय याच्या निम्म्यात भागवते. शेळीला तीन-चार किलो हिरवा पाला पुरतो.

मक्याच्या हिरव्या चाऱ्याचे चांगले पीक हेक्टरी ५० टन येते असे कृषी विद्यापीठे सांगतात. शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर धरला तर गुंठ्याला ५०० किलो पडले. पण आपण नवशिके, जमीन हलकी, म्हणून ३०० किलोच धरू. वीस किलोच्या हिशेबाने एक गुंठा एका गायीला १५ दिवस पुरला. नव्वद दिवसांना सहा गुंठे लागले. एखादा गुंठा बुडीत धरून सात म्हणा.

परंतु सातही गुंठे एकदम पेरले तर सगळा चारा एकदम तयार होईल. निम्मा जून होऊन जाईल आणि मे महिन्यात दावण पुन्हा रिकामी. म्हणून चारा हप्त्याने पेरावा. दर १५ दिवसांनी एक गुंठा. १५ जानेवारीला पेरलेला मका साधारण २० मार्चला विळ्याखाली येतो आणि पुढचे १५ दिवस रोज थोडा थोडा कापता येतो. तोवर १ फेब्रुवारीचा गुंठा तयार होतो. अशा रीतीने १ एप्रिलच्या सहाव्या हप्त्याचा चारा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो, आणि तोवर बांधावर नवे गवत फुटलेले असते. बचत गटाचा हप्ता महिन्याला भरावा लागतो, हा हप्ता पंधरा दिवसांनी जमिनीत भरायचा. पहिला चुकला नाही तर दुसरा चुकत नाही.

जमीन नाही त्याने काय करावे?

इथे पुष्कळ वाचक म्हणतील, सात गुंठे आणायचे कुठून? आपल्यापैकी बहुतेकांकडे घराखालच्या जागेपलीकडे काही नाही, हे मला ठाऊक आहे. जमिनीसाठी आपल्या समाजाने लढे दिले आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यांच्या नावाने भूमिहीन अनुसूचित जाती कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना २००४ पासून महाराष्ट्रात आली. त्या हक्काचा पाठपुरावा समाजकल्याण कार्यालयात अवश्य करावा. पण तो निकाल लागेपर्यंत दावणीची गाय थांबत नाही.

म्हणून हंगामी चाऱ्याचे महत्त्व. नेपियर, पॅरा, गिनी ही गवते एकदा लावली की तीन-चार वर्षे हलत नाहीत. स्वतःचा बांध असेल त्याने नेपियरची ठोंबे जरूर लावावीत. परंतु दुसऱ्याच्या जमिनीत ती लावू दिली जात नाहीत. कूळ कायद्याची भीती मालकांच्या मनात अजून आहे. एकदा माणूस घुसला की निघणार नाही, असे त्यांना वाटते. मका, बाजरी, ज्वारी ही मात्र सत्तर-ऐंशी दिवसांची पाहुणी. भात कापल्यावर मोकळे पडलेले खाचर, फार्महाऊसचा पडीक कोपरा, अशी जागा जानेवारी ते जून एवढ्यापुरती मागितली तर मिळू शकते. पाऊस पडायच्या आत जमीन मोकळी करून देऊ, असे कागदावर लिहून द्यावे, मालकाची सही घ्यावी, एक प्रत आपल्याकडे ठेवावी. तोंडी व्यवहार करू नये. आमच्या वस्तीतल्या दोन कुटुंबांनी असे कागद केले आणि दोन्ही पाळले गेले. हंगामी चारा हा अशा रीतीने भूमिहीनाचा चारा आहे.

कोणते पीक कुठे?

दुकानदार देईल ते बी घेऊन येणे ही दुसरी चूक. जमीन, पाणी आणि जनावर पाहून पीक निवडावे.

मका : नवशिक्याने यापासूनच सुरुवात करावी. चाऱ्यासाठी 'आफ्रिकन टॉल' ही जात प्रसिद्ध आहे. उंच वाढते, पाला भरपूर, जनावर आवडीने खाते आणि कोवळा कापला तरी ज्वारीसारखी विषबाधा होत नाही. जमीन मात्र बरी लागते, शेणखत लागते आणि मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. एकदाच कापणी मिळते. गुंठ्याला पाऊण किलो बी.

बाजरी : हलक्या, उथळ जमिनीत मक्यापेक्षा हिची कामगिरी बरी. 'जायंट बाजरा' ही चाऱ्याची जात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांत, पुढची महिन्या-सव्वा महिन्याने. कापताना जमिनीपासून १० ते १२ सेंटीमीटर खुंट ठेवावा, म्हणजे फुटवे येतात. बी बारीक, म्हणून गुंठ्याला १०० ग्रॅम पुरते. फार खोल पेरू नये.

ज्वारी आणि सुदान गवत : पाण्याचा ताण सोसण्यात ज्वारीचा हात कोणी धरणार नाही. पुन्हा पुन्हा कापता येणाऱ्या जातीही मिळतात. सुदान गवत हे ज्वारीचेच भावंड, काडी बारीक, फुटवे पुष्कळ. पण या दोघांत एक धोका आहे. तो पुढे सविस्तर सांगतो. तो समजून घेतल्याशिवाय हे बी घरात आणू नये. ज्वारीचे बी गुंठ्याला ४०० ग्रॅम.

मकचरी : हे नाव आपल्याकडे कमी ऐकू येते. मक्याच्या गोतावळ्यातलेच हे पीक, पण पुष्कळ फुटवे देणारे आणि ओल सोसणारे. पावसाळ्यात जिथे मका पिवळा पडतो, अशा सखल दमट जागी मकचरी तग धरते.

दीनानाथ गवत : वरकस, डोंगरउताराच्या निकस जमिनीत पावसाच्या पाण्यावर येणारे हंगामी गवत. बी हलके व केसाळ असते, ते बारीक वाळूत किंवा मातीत मिसळून वरच्या वर फेकावे. फुलावर येताच कापावे. बी धरल्यावर ते निबर होते आणि जनावर तोंड फिरवते.

चवळी : हे गवत नव्हे, पण हिच्याशिवाय गवताचे पान वाढू नये. मक्याच्या सुक्या भागात प्रथिने आठ-नऊ टक्के, चवळीत सोळा ते अठरा. मक्याच्या दोन ओळी आणि चवळीची एक, अशी पेरणी करावी. जनावराला भाकरीबरोबर डाळ मिळाल्यासारखे होते. चवळीच्या मुळ्या जमिनीला नत्र देतात, हा फायदा जमिनीच्या मालकालाही सांगावा.

पेरणी आणि मशागत

एका गुंठ्याला सात-आठ पाट्या चांगले कुजलेले शेणखत घालावे. जमीन भुसभुशीत करून एक-एक फुटावर ओळी काढाव्यात, मका तीन-चार सेंटीमीटर खोल पेरावा. रासायनिक खत घालायचे तर मक्याच्या गुंठ्याला पेरताना सुमारे तीन किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो युरिया, आणि महिन्याने आणखी एक किलो युरिया पाण्याच्या पाळीबरोबर. युरिया जास्त टाकला की पीक काळेभोर दिसते आणि माणूस खूश होतो. पण त्या पाल्यात नायट्रेट साठते आणि ते जनावराला बाधते. युरिया दिल्यावर लगेच चारा कापू नये.

पाणी आठ-दहा दिवसांनी. इथेही हिशेब करावा. एका गुंठ्याला दोन इंच पाणी द्यायचे तर ५,००० लिटर लागतात. एका वेळी चार-पाच गुंठे पीक उभे असते, म्हणजे दर पाळीला वीस-पंचवीस हजार लिटर. हातपंपाचे किंवा टँकरचे हे काम नव्हे. कर्जत तालुक्यात भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारे पाणी राजनाल्याने शेताला मिळते, त्यावर उन्हाळी भात होते. खोपोलीचे वीजघर १९१५ पासूनचे, त्याचे पाणी पाताळगंगेत येते. नाल्याकाठी, नदीकाठी किंवा विहिरीजवळ जागा मिळाली तरच उन्हाळी चारा पेरावा. मात्र सांडपाण्याच्या ओहोळाचे पाणी चाऱ्याला लावू नये. पाल्यातून गायीत आणि दुधातून आपल्या लेकरांत काय उतरेल ते डोळ्यांना दिसत नाही.

२०१८ पासून आपल्या देशात मक्यावर लष्करी अळी आली आहे. पोंग्यात भुसा दिसला, पानांना भोके दिसली की समजावे. सकाळी फिरून अळ्या आणि अंडीपुंज वेचून नष्ट करावेत, पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. दुकानातले जालीम औषध चाऱ्याच्या पिकावर आपल्या मनाने मारू नये. रोग हाताबाहेर जातोसे वाटले तर कृषी सहायकाला विचारावे.

ज्वारीचे विष

आता तो धोका. आमच्या वस्तीत पहिल्या वर्षी एका काकांनी ज्वारी पेरली. पाणी कमी पडले, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकू लागली. वाया जाण्यापेक्षा शेळ्यांच्या पोटात जाईल, म्हणून त्यांनी ती कापून टाकली. अर्ध्या तासात दोन शेळ्या धापा टाकू लागल्या, तोंडाला फेस आला, पाय लटपटले. डॉक्टर येईपर्यंत एक गेली. कोणीतरी करणी केली, असे बोलणारेही त्या दिवशी भेटले. करणी वगैरे काही नव्हते. ते रसायन होते.

कोवळ्या ज्वारीत आणि सुदान गवतात एक द्रव्य असते. जनावराने पाला चावला की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष तयार होते. घाटावर याला 'किराळ लागणे' म्हणतात. पीक जितके कोवळे तितके विष जास्त. पाण्याचा ताण पडून खुरटलेल्या पिकात आणि कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या फुटव्यात तर फारच. म्हणून हे नियम घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः गुरे सोडणाऱ्या मुलांना पाठ असावेत :

१. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापून घालू नये. पन्नास दिवसांच्या आतले पीक हिरवे घालूच नये.

२. फुटवे कमरेएवढे झाल्याशिवाय त्यात जनावर सोडू नये.

३. ताण पडलेल्या पिकाला पाणी देऊन ते पुन्हा वाढीला लागू द्यावे, मगच विचार करावा.

४. ज्वारी पुरती वाळवली की धोका बराच कमी होतो. अर्धवट सुकलेल्या पाल्याचा भरवसा धरू नये.

५. उपाशी जनावराला ज्वारीवर सोडू नये. आधी पेंढा घालावा.

धापा, फेस, थरथर यांपैकी काही दिसले तर चारा ताबडतोब काढून घ्यावा आणि पशुवैद्यकाला बोलवावे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही इंजेक्शने वेळेत मिळाली तर जनावर वाचू शकते, पण ती डॉक्टरनेच द्यायची असतात. अंगारा-धुपाऱ्यात घालवलेली पंधरा मिनिटे म्हणजे गेलेले जनावर.

पाणी नसेल त्याने

उन्हाळ्यात पाणी नाही, पण पावसाळ्यात वरकस माळ आहे, अशांनी काय करावे? पावसाळ्यात चारा पिकवून तो मुरवून ठेवावा. यालाच मुरघास म्हणतात. आपल्याकडे वैरण वाळवायला ऊन नसते आणि मुरघासाला ऊन लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पाऊस निम्म्यावर आला की ऑगस्टच्या मध्यास उताराच्या जागेत वरंब्यावर मका टोकावा, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. कणसातले दाणे चिकाचे घट्ट होऊ लागले की, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, मका कापून त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. गावात कडबाकुट्टी असली तर उत्तम. जाड प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर घालून पायाने तुडवून हवा काढावी आणि तोंड घट्ट बांधावे. उंदीर-घुशींपासून पिशव्या जपाव्या. पंचेचाळीस दिवसांत मुरघास तयार होतो आणि पिशवी फुटली नाही तर उन्हाळ्यापर्यंत टिकतो. चांगल्या मुरघासाला आंबूस-गोड वास येतो. बुरशी आलेला, काळा पडलेला भाग फेकून द्यावा, हावेने घालू नये.

सहा गुंठ्यांचा १,८०० किलो मका मुरवला आणि घट धरून १,५०० किलो हाती लागला, तर दिवसाला १५ किलोप्रमाणे १०० दिवस निघतात. म्हणजे विहीर नसलेल्याचाही वैशाख निभावतो.

पेंढाही सुधारता येतो. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, दाबून प्लास्टिकने झाकावे आणि तीन आठवड्यांनी उघडावे. थोडा वेळ हवा लागू देऊन मग घालावा. प्रमाण वाढवू नये. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना व शेळ्यांना असा पेंढा देऊ नये. युरियाची गोणी आणि ते पाणी जनावराच्या तोंडाला लागणार नाही असे ठेवावे, कारण नुसता युरिया हे विषच आहे.

मोकाट गुरे आणि आपली एकजूट

सगळे बरोबर करूनही दुसऱ्या एका कुटुंबाचे दोन गुंठे एका रात्रीत साफ झाले. भात निघाले की आपल्याकडे गुरे मोकाट सोडायची रीत आहे. साऱ्या शिवारात हिरवा ठिपका एकच असेल तर गावची गुरे तिथेच येणार. भांडून उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी चार कुटुंबांनी एकाच ठिकाणी लागून लागून गुंठे घेतले, करवंदीच्या आणि बाभळीच्या काट्यांचे एकच कुंपण घातले, राखणीच्या पाळ्या लावल्या. कुंपणाचा खर्च चौघांत वाटला गेला. पेरणीच्या तारखाही वाटून घेतल्या, म्हणजे एकाचा गुंठा उशिरा आला तर दुसऱ्याने चारा उसना द्यावा आणि नंतर तोलून परत घ्यावा. उसनवारीची वही मी ठेवतो. तीत रुपया नसतो, किलो असतात.

चारा घालण्याच्याही दोन गोष्टी भगिनींनी ध्यानात ठेवाव्या. सुक्यावरून हिरव्यावर गायीला एकदम आणू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. आणि कोवळी चवळी एकटी पोटभर घालू नये, पोट फुगते. पेंढ्यात मिसळून द्यावी. चारा तोडूनच घालावा. आख्खी ताटे टाकली तर गाय पाला खाते आणि धांडा तुडवते.

चाऱ्याचा रकाना

आज आमच्या गटात दुभत्या जनावरासाठी कोणीही अर्ज केला तर मी आधी पाच प्रश्न विचारतो. जागा किती गुंठे आणि कोणाची? पाणी कुठले आणि मे महिन्यात असते का? बी कोणते, कुठून आणणार? पेंढा किती साठवला? राखण कोण करणार? उत्तरे नसतील तर सांगतो, यंदा दोन शेळ्या घ्या, चारा पेरायला शिका, गाय पुढच्या वर्षी. काही जणी रागावतात. रागावू द्या. बियाणासाठी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करावी, तिथे वैरण बियाणाच्या आणि अनुसूचित जातींसाठी जनावरांच्या योजनांची माहिती मिळते. योजनेत गाय मिळाली म्हणून चारा मिळत नाही, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

ज्या ताईची गाय गेली, तिने उरलेले बावीस हप्ते भांडी घासून फेडले. दोन वर्षांनी ती चार जणींच्या कुंपणात सामील झाली. तिने आधी दोन हंगाम नुसता चारा पिकवला आणि शेजारणीला किलोवर विकला. मग स्वतःच्या पैशाने गाभण गावठी गाय घेतली, कर्ज नाही. दूध चार लिटरच देते, पण वैशाखातही चारच देते. मुलगी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमची किलोची वही तीच लिहिते.

बंधू-भगिनींनो, १९२७ च्या मार्चमध्ये आपल्या याच जिल्ह्यात, महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृत गुरांचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा, असे आपल्या आजा-पणजांना बजावले. त्यांनी ते ऐकले, गावाचा रोष पत्करला, म्हणून आज आपण ताठ उभे आहोत. ज्यांच्या वाट्याला मेलेली गुरे ओढणे आले होते, त्यांच्या नातवंडांच्या दारात आता जिवंत, दुभती गाय उभी राहते आहे. ती कर्जाने आणि उपासाने मरता कामा नये. येत्या १५ जानेवारीला पहिला गुंठा पेरा. तो उभा राहिला, की मग गायीच्या अर्जावर सही करा.

जयभीम.